फट

बाबांच्या मते दोन गोष्टी कानानेच लावायच्या:
गिटार, आणि फोर्डचे पॉइंट.
गिटार त्यांना कधी आली नाही.

छप्पन सालचा पिकअप. मूळ रंग कुणालाच आठवत नाही.
ताकुआरेंबोपासून सदतीस किलोमीटर,
पुढे नुसतं गवत, तारांची कुंपणं, शेजाऱ्यांच्या मेंढ्या.
एवढ्या वाटेवर याने लोकर वाहिली, एकदा एक पियानो,
आणि मला, जन्माच्या आदल्या रात्री, आईच्या पोटात,
नदीच्या उताराशी बंद पडून.

फीलर गेज घरी राहिलं होतं.
बाबांनी खिशातून त्रुकोचे पत्ते काढले,
प्याल्यांचा चव्वा, सगळ्यात हलकं पान,
त्याचा कोपरा पॉइंटच्या फटीत सरकवून स्क्रू आवळला.
पानाला ग्रीस लागलं ते लागलंच.
पुढे चाळीस वर्षं सगळ्या गावाला कळायचं
एउदोरोच्या हातात चव्वा कधी आहे ते.
बाबा हरत राहिले. पत्ते बदलले नाहीत.

आता हात थरथरतात.
उजवा जास्त. चमचा वाटीवर वाजतो,
येर्बाच्या नळीला ओठ शोधत जावं लागतं.
गेल्या हिवाळ्यात तीनदा पॉइंट उघडले, तीनदा फट चुकली.
एकदा इवलासा स्क्रू आत पडला,
दिवसभर दोघं चुंबक घेऊन शोधत बसलो.
गाडी खोकायची, मागून बार काढायची,
मेंढ्या उधळायच्या,
आणि ते म्हणायचे, पेट्रोलच भिकार.

विल्मारने मोंतेविदेओहून बसने किट पाठवलं.
टूथपेस्टच्या खोक्याएवढं खोकं:
चुंबकाची चकती, काळा ठोकळा, दोन वायरी,
आणि एक कागद. उलट जोडल्यास आमची जबाबदारी नाही.

मी म्हटलं, टॉर्च धरा.
उजेड डिस्ट्रिब्युटरवर असा नाचला
की एकेक स्क्रू मला दोनदा दिसला.
कॅप काढली, रोटर काढला. खाली पॉइंट:
एकावर खड्डा, दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा,
एकाचं झिजलेलं दुसऱ्यावर जाऊन बसलेलं.

"आता हे एकमेकांना शिवणारच नाहीत?"
नाही.
"मग ठिणगी?"
चुंबक जवळून जातो, ठोकळ्याला कळतं.
"कळतं," बाबा म्हणाले,
लांबच्या नात्यातल्या लग्नाची बातमी ऐकावी तसे.

पहिल्या खटक्याला सुरू झाली.
मला वाटलं होतं, चारदा तरी रुसेल.
बाबा कान लावून उभे, खोट शोधत.
सापडेना.

मग टायमिंग. शेडमधला दिवा मालवला,
स्ट्रोबचा चिमटा एक नंबरच्या वायरला लावला,
आणि गरगरत्या पुलीवरची खडूची रेघ
लख्ख, लख्ख, जागच्या जागी उभी राहिली.
दोन डिग्री मागे घे, म्हणत
बाबांनी बोट पुढे केलं.
हात त्या उजेडात आला
आणि थांबला.

म्हणजे थांबला नव्हता. इंजिन मंद होतं,
उजेडाची उघडझाप आणि त्यांची थरथर
एका तालात पडली, एवढंच.
पण दिसला तो हात स्थिर होता:
काळी नखं, अंगठ्यावरचा जुना व्रण,
पंख्यापासून वीतभर दूर.
त्यांनी तो तिथेच धरला.
मी कशालाच हात लावला नाही.
पेट्रोल जळत राहिलं.

शेवटी म्हणाले, डोळे दुखतात, बंद कर ते.

जुने पॉइंट फेकू दिले नाहीत.
चव्व्याबरोबर रबर लावून डॅशबोर्डच्या कप्प्यात, स्क्रूड्रायव्हरशेजारी.
"उताराशी बंद पडली,
तर त्या ठोकळ्याला काय कानाने दुरुस्त करणारेस?"

जोडात आता एक पान कमी आहे.
रविवारी बाबा जिंकले. गाव म्हणतं, लबाडी.
पत्ते मी पिसले होते.